हजेरी आडवी वाचा: सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी नव्या शिक्षकाने काय करावं

नव्याने शाळेवर रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी हजेरीपत्रक मिळतं आणि ते कसं भरायचं हे कुणीतरी दोन मिनिटांत सांगून टाकतं. डावीकडे नावं, वर तारखा. रोज एक रकाना भरायचा, खाली बेरीज मारायची, ती बेरीज पोषण आहाराच्या नोंदीत टाकायची, महिनाअखेरीस सरासरी काढायची. भरायला सगळे शिकवतात, वाचायला कुणी शिकवत नाही. मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर सव्वीस वर्षं काढली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही हजेरी फक्त भरली. पुढे जे लिहिते आहे ते त्यानंतरचं.

पहिलं काम: आकडा ठरवा

एखादं मूल ‘सारखं गैरहजर असतं’ हे आपण अंदाजाने म्हणतो. अंदाजात दंगेखोर मुलं पटकन डोळ्यांत भरतात आणि मागच्या ओळीत गप्प बसणारी सुटतात. म्हणून एक रेघ आखून घ्या. जगात बऱ्याच ठिकाणी शिक्षणवाले १० टक्क्यांची रेघ धरतात: शाळा जितके दिवस भरली त्याच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा जास्त दिवस मूल आलं नाही, तर ते ‘सततचं गैरहजर’. कारण आजारपण असो, लग्न असो की शेतातलं काम, दिवस बुडाला तो बुडाला.

वर्षाला २२० दिवस शाळा धरली तर हा आकडा २२ दिवसांचा होतो. ऐकायला मोठा वाटतो, पण महिन्याला जेमतेम दोन-अडीच दिवस. म्हणजे दर महिन्याला दोनदा-तीनदा ‘आज नाही आला, येईल उद्या’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, ते मूल वर्षअखेरीस रेघेपलीकडे गेलेलं असतं.

वर्षअखेरीची वाट बघू नका. जूनच्या मध्याला शाळा उघडली तर रविवार आणि सुट्ट्या वजा जाता ऑगस्टअखेर साधारण ६० दिवस भरतात. तेव्हा ज्याच्या नावासमोर सहा खाडे पडलेत, त्याच्या नावाला पेन्सिलीने बारीक टिंब करा. बारा किंवा जास्त असतील तर दोन टिंबं. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे हिशेब तेवढा पुढे सरकवा.

दुसरं काम: उभी बेरीज सोडा, आडवी ओळ बघा

समजा वर्गात ३० मुलं आहेत आणि महिन्यात २० दिवस शाळा भरली. महिन्याची सरासरी उपस्थिती आली ९५ टक्के. मुख्याध्यापक खूश, केंद्रप्रमुख खूश. हजेरीपत्रकातल्या ६०० घरांपैकी (३० मुलं, २० दिवस) फक्त ३० घरं रिकामी आहेत. पण ही ३० घरं कुणाची? प्रत्येक मूल एकेक दिवस राहिलं असेल तरी ९५ टक्केच येतात. सत्तावीस मुलं रोज आली आणि तीन मुलं दहा-दहा दिवस राहिली तरीही ९५ टक्केच. पहिल्या वर्गात काळजीचं काही नाही. दुसऱ्या वर्गातली तीन मुलं शाळेतून निसटू लागली आहेत आणि खालच्या बेरजेत ती कुठेच दिसत नाहीत.

म्हणून महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, हजेरी समोर घेऊन एकेका नावावरून बोट डावीकडून उजवीकडे फिरवा. वीस मिनिटं लागतात. खाडे मोजून थांबू नका, ते पडलेत कुठे ते बघा. आठवडी बाजाराच्या वाराला पडतात का? सकाळच्या शाळेला, म्हणजे शनिवारी? पाऊस लागला त्या आठवड्यात एकाच वस्तीवरची चार मुलं एकदम गायब, मधे ओढा आहे का? कापूस वेचणीत किंवा कांद्याच्या लागणीत सलग पंधरा दिवस? मूल सकाळी असतं आणि खिचडी खाऊन नाहीसं होतं का?

सातवीतल्या एका मुलीच्या ओळीत मला दर महिन्याला चार-चार खाडे दिसले, जवळजवळ ठरावीक अंतराने. तोवर मी तिला दोनदा ‘आळशी’ म्हणून बसले होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन आले. दाराला आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. मीही त्या शाळेवर दीड वर्ष होते, पण शिक्षकांचं स्वच्छतागृह वेगळं असतं ना. कडी तालुक्याच्या दुकानातून आणली, पाण्याची बादली भरून ठेवायची पाळी लावली, कपाटात पॅड ठेवले आणि ते न मागता घेता येतील असं मुलींना सांगितलं. तिचे खाडे पूर्ण थांबले नाहीत, पण चाराचे एक झाले.

तिसरं काम: तिसऱ्या दिवशी दारात

पहिल्या दिवशी शेजारी राहणाऱ्या मुलाला विचारा. दुसऱ्या दिवशी फोन करा. तिसऱ्या दिवशी जा. चौथ्यावर ढकलू नका, कारण आठवडा गेला की मूल स्वतःच यायला लाजतं. सगळे पुढे गेलेत, गृहपाठ राहिलाय, बाई काय म्हणतील, या धास्तीनेच ते घरी बसतं. मूळ कारण संपलेलं असतं आणि खाडे मात्र चालूच राहतात.

घरी कसं जायचं, याला मी फार महत्त्व देते. हजेरीपत्रक काखेत मारून जाऊ नका, वसुलीला आल्यासारखं वाटतं. सकाळी चुलीच्या वेळी जाऊ नका. दिवेलागणीला जा, शेतावरून माणसं परतलेली असतात. चहा देतील तो घ्या, खाली बसा. ‘पोराला शाळेत का पाठवत नाही?’ हा प्रश्न तोंडातून काढूच नका. त्याचं उत्तर एकच असतं, ‘पाठवतो उद्यापासून’, आणि ते तुम्हाला घालवण्यासाठी दिलेलं असतं. मी विचारायची, ‘लेकराला बरं आहे ना? आठवण आली म्हणून आले.’ मग मुलालाच विचारायची, ‘आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंस?’ या एका प्रश्नाने मला जितकी माहिती मिळाली तितकी कुठल्याच छापील तक्त्याने दिली नाही.

तिसरीतली एक मुलगी दर मंगळवारी नसायची. तिच्या आईने सांगितलं, ‘मॅडम, मंगळवारी बाजार. मी भाजी घेऊन बसते. बारक्याला कुणाकडं ठेवावं?’ बारका दोन वर्षांचा, अंगणवाडीच्या वयाचाही नाही. मी म्हटलं, ‘त्याला घेऊनच येऊ द्या तिला.’ मंगळवारी तो वर्गात मागे पोत्यावर झोपायचा, कधी खडू खायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या. मी त्यांना मुलीची आडवी ओळ दाखवली. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

चौथं काम: कारणानुसार उपाय

कारणं शंभर असतात, पण मी ती कामापुरती तीन खणांत टाकायची: येताच येत नाही, यावंसं वाटत नाही, आणि घराला त्यात काही बिघडतंय असं वाटत नाही.

येताच येत नाही, म्हणजे आजार, अंतर, काम, लहान भावंडं. खरूज, सततचा खोकला, अंगात रक्त कमी, दात किंवा कान दुखणं, नीट न दिसणं असं काही असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येण्याआधी त्या मुलांची नावं वेगळी लिहून ठेवा, आणि पथक येईल त्या दिवशी ती मुलं शाळेत असतील असं बघा. ज्याला तपासणीची खरी गरज असते ते मूल नेमकं तपासणीच्या दिवशीच गैरहजर असतं. अंतराचा प्रश्न असेल तर पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्याचा अर्ज जूनमध्येच करून घ्या. वस्तीवरच्या लहान मुलांना एखाद्या मोठ्या मुलीबरोबर घोळक्याने यायला सांगा, पण त्या मोठ्या मुलीच्याच खांद्यावर सगळं पडत नाही ना, यावर नजर ठेवा.

यावंसं वाटत नाही, या खणाकडे शिक्षक सर्वांत कमी बघतात, कारण तिथे बोट आपल्याकडे वळतं. चौथीतला एक मुलगा महिनाभर खिचडीनंतर पळायचा. मी त्याला पकडायला दोन मुलं लावली. तो बांधावरून पळाला. खूप उशिरा माझ्या लक्षात आलं, की दुपारचा पहिला तास मोठ्याने वाचनाचा होता आणि त्याला वाचता येत नव्हतं. रोज सगळ्यांसमोर उभं राहून अडखळण्यापेक्षा बांध बरा. मग वाचन जोडीत सुरू केलं, दोघं-दोघं, हळू आवाजात. त्याच्या जोडीला मुद्दाम दुसरीतली एक चुणचुणीत मुलगी दिली आणि ‘तू तिला गणित दाखव, ती तुला वाचून दाखवेल’ असा सौदा ठरवला. तो थांबू लागला. वर्गातली चिडवाचिडवी, जातीवरून बोललं गेलेलं एखादं वाक्य, मारकुटा मोठा मुलगा, आणि हो, मारकुटा शिक्षक, हेही याच खणातले. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे हे आपल्याला तोंडपाठ असतं. तरीही खाड्याबद्दल अंगठे धरून उभं करणारे वर्ग मी पाहिले आहेत. परत आलेल्या मुलाला परत आल्याबद्दलच शिक्षा!

तिसरा खण: ‘पहिलीत तर आहे, काय बुडतंय?’ हे मी शिकलेल्या घरांतूनही ऐकलं आहे. दोन्हीकडची लग्नं, जत्रा, मामाचा गाव. इथे भाषण देऊ नका, वही दाखवा. तो नसताना वर्गात कुठली अक्षरं झाली आणि त्याला कुठली येत नाहीत, एवढं पालकाला दोन मिनिटं दाखवलं की पुरतं.

पाचवं काम: कोयता निघण्याआधी

तुमची शाळा पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, आष्टी किंवा शेजारच्या पाथर्डी-शेवगावच्या बाजूला असेल तर वरचं सगळं एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्या पारड्यात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फड, म्हणजे तोडणीचं शेत, सोडता येत नाही. मूल बरोबर गेलं तर निम्मं वर्ष गेलं. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एक दिवसाचं सर्वेक्षण झालं. जुलैत आमच्या गावातली सगळी मुलं गावातच होती. नोव्हेंबरात कुणी मोजायला आलं असतं तर आकडा वेगळा निघाला असता.

इथे उपाय तारखांवर चालतो. उचल घेऊन झाली की बोलणी संपली, त्यामुळे पोळ्याच्या आधीच कामाला लागा. एक साधी वही करा. कुणाचा कोयता जाणार, कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, कुठली मुलं बरोबर नेणार आणि घरी मागे कोण राहणार. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आजी-आजोबा मागे असतील तर मूल थांबू शकतं. एका आजीने मला सांगितलं होतं, ‘राहू दे की माझ्यापाशी, पर मला चुलीपुढं बसवत नाही. त्याला घालू काय?’ अडचण सांभाळायची नव्हतीच, दोन वेळच्या भाकरीची होती.

त्यासाठी हंगामी वसतिगृह आहे. मूल गावातच नातेवाइकांकडे राहतं, दुपारी शाळेतला आहार आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून. चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. स्थलांतरित होणाऱ्या मुलांची यादी आणि प्रस्ताव पंचायत समितीकडे वेळेत जायला हवा. मंजुरी आणि पैसे मात्र दरवेळी वेळेत येतात असं नाही. एका वर्षी आमच्याकडे टोळ्या निघून तीन आठवडे झाले तरी कागद आला नव्हता. तोपर्यंत किराणा दुकानदाराने उधारीवर सामान दिलं आणि दोन बायकांनी मजुरीची वाट न बघता भाकरी थापल्या. या भरवशावर योजना चालू नये, पण नव्या शिक्षकाने हे धरूनच तयारी करावी. दुकानदाराशी ऑगस्टमध्येच बोलून ठेवा.

मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आहेत. ४१ तालुक्यांत मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहं करायचा निर्णय २०२१ मध्ये झाला. तुमच्या तालुक्यात ती प्रत्यक्ष सुरू आहेत का आणि जागा किती शिल्लक आहेत, हे समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

आणि तरीही काही मुलं जाणारच. तेरा वर्षांची मुलगी घरी एकटी ठेवायला आई-बाप धजत नाहीत, त्यांना दोष देऊन चालणार नाही. तिच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या. त्यावर तिचं नाव, इयत्ता, कुठपर्यंत शिकली आहे ते लिहिलेलं असतं आणि ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. कार्ड आईच्या हातात देताना ‘जपून ठेवा’ एवढं म्हणून भागत नाही. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, फडात सगळं भिजतं. शक्य झालं तर त्या भागातल्या शाळेत आधी फोन करा. टोळी कर्नाटकात जात असेल तर जवळ मराठी शाळा मिळेलच असं नाही, म्हणून अशा घरांत मूल मागे ठेवण्यावर जास्त जोर लावा.

तुम्ही कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे नेमणुकीला असाल तर हेच काम दुसऱ्या टोकाने करायचं आहे. गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या की पहिल्या आठवड्यात फेरी मारा. दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या ५व्या कलमानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कोपीवरची माणसं पहाटे अंधारात फडात जातात, मुलाला आवरून शाळेत सोडायला मागे कोणी नसतं. गावातली दोन मोठी मुलं कोपीवरून त्यांना घेऊन आली, एवढ्यानेही पट हलतो.

बक्षिसं, समिती आणि खोट्या खुणा

शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस मला पटत नाही. ज्याला जुलैत ताप आला तो तेव्हाच शर्यतीतून बाद. मग उरलेलं वर्ष त्याने कशासाठी यावं? आणि काही मुलं बक्षिसापायी अंगात ताप घेऊन येतात. कौतुक करायचंच तर ‘मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात चार दिवस जास्त आला’ याचं करा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो. त्या महिलांना बोलतं करा. बैठकीत सरासरी वाचून दाखवू नका, आणि मुलांची नावंही चारचौघांत घेऊ नका. ‘वरच्या वस्तीवरची पाच मुलं पावसात येत नाहीत, ओढ्यावर काय करता येईल?’ असं नेमकं काम पुढे ठेवा. आमच्याकडे ओढ्यावर जुने विजेचे खांब आडवे पडले ते एका सदस्य बाईंनी सरपंचांच्या दारात ठाण मांडल्यामुळे. मी तीन अर्ज लिहिले होते.

आता एक नाजूक गोष्ट. कधी ना कधी तुम्हाला कुणीतरी सांगेल की उपस्थिती जरा चांगली दिसू द्या. मलाही सांगितलं गेलं आणि नवीन असताना मी एका महिन्यात काही रिकामी घरं भरली. त्यातला एक मुलगा तोवर गाव सोडून वीटभट्टीवर गेला होता. सलग महिन्याहून जास्त गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं आणि मग त्याचा शोध सुरू होतो. माझ्या पत्रकात तो रोज हजर होता, म्हणून त्याला शोधायला कुणी गेलंच नाही. तो कळला तेव्हा वर्ष उलटलं होतं. रिकामं घर रिकामंच ठेवा.

सुरुवात किती मुलांपासून

पहिल्या वर्षी सगळ्यांच्या मागे लागलात तर दिवाळीपर्यंत दमाल, शिवाय निवडणुकीची आणि इतर कामं डोक्यावर असतातच. दोन टिंबांची मुलं सोडून एका टिंबाची पाच निवडा, असं मी सांगते आणि त्यावर बरेच जण चिडतात. पण एका टिंबाचं मूल एका भेटीत, एका कडीत, एका पासात वळतं. दोन टिंबांना महिने लागतात आणि एकट्या शिक्षकाने ते होत नाही, तिथे समिती, अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम घेतलेले गावातले बालरक्षक शिक्षक असे चार हात लावावे लागतात. पहिल्या पाचांवर हात बसला की दोन टिंबांकडे वळा, पण त्यांच्या घरी जाणं मधल्या काळातही थांबवू नका.

टोळ्या परत येतात तेव्हा एप्रिल असतो, उन्हं तापलेली असतात आणि शाळेचे थोडेच दिवस उरलेले असतात. आता कशाला, जूनमध्येच येतील, असं सगळ्यांनाच वाटतं, मुलांनाही. पहिल्याच सकाळी जा आणि घेऊन या. त्यांच्या बसायच्या जागा राखून ठेवा, वहीवर नाव आधीच घाला. ‘इतके दिवस कुठे होतास?’ विचारू नका, सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. कारखान्याचा भोंगा किती वाजता होतो, गाडीत किती टन ऊस मावतो, एका मोळीचं वजन किती, हे त्यांना विचारा आणि फळ्यावर लिहा. टनाचे किलो करायला वर्गातल्या बाकीच्यांना सांगा. उत्तर बरोबर आहे की नाही, ते फडातून आलेल्या मुलालाच तपासू द्या.